कोरल कुठे ठेवायचं, कधी चिकटवायचं आणि कशाने: रीफ टाकीवाल्यांसाठी जरा सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे दुसरं कुणी वाचत असेल तर त्यालाही धागा लागेल. गोव्यात पर्वरीला फ्लॅटमध्ये तीन फुटी रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोरलची टाकी आहे, सहा महिने झाले, रॉक रचून झालाय, मासे ठीक आहेत, आता कोरल घ्यायला लागलाय. फेवीक्विकने लावलेले फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) दोन-तीन दिवसांत सुटून वाळूत पडतात, टॉर्च कोरल हॅमर कोरलच्या बाजूला लावला तर हॅमरचं एक डोकं विरघळायला लागलं, मशरूम कोरल रात्रीत कुठे वाहून गेलं त्याचा पत्ता नाही, आणि एवढं सगळं सांगून शेवटी विचारलंय काय, तर "चांगला गोंद कुठला?"

गोंद सांगतो की, पण मागाहून. तुमच्या तीन तक्रारींत खरी गोंदाची एकच आहे, बाकी दोन्ही जागेच्या. माशाला जागा पटली नाही तर तो दुसरीकडे पोहत जातो, कोरल मात्र आपण लावलं तिथेच बसून झिजतं, आणि चुकीच्या जागी एकदम पक्कं चिकटवलेलं कोरल हे सुटून पडलेल्यापेक्षा वाईट, कारण सुटलेलं निदान उचलून दुसरीकडे ठेवता तरी येतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी प्रवाह बघायचा, मग उजेड, मग शेजारी कोण आहे ते, मग दोन आठवडे नुसतं ठेवून बघायचं आणि त्यानंतर ट्यूब उघडायची.

त्याआधी एक कायद्याचं, कारण आपण समुद्राकाठी राहतो आणि डोक्यात विचार येतोच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये रीफ बांधणारी सगळी कठीण कोरलं, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन आहेत. त्यामुळे गोव्याच्या ग्रांडे बेटावर स्नॉर्कलिंगला गेलात तर बघा, फोटो काढा, पण तुकडा आणायचा नाही, किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही, आणि कोण ट्रॉलरवाला "जाळ्यात आलंय, घे" म्हणाला तरी नको म्हणायचं. टॉर्च, हॅमर ही कठीण कोरलंच, तेव्हा ती कल्चर केलेली आहेत, बाहेरून आलीत असं दुकानदार तोंडी सांगतो त्यावर जाऊ नका, बिल आणि कागद मागा, शंका असेल तर घेण्याआधी वनखात्यात विचारा. झोआ, मशरूम, लेदर ही कठीण सांगाडा नसलेली कोरलं त्या यादीत नाहीत आणि सोपीही आहेत, नवीन माणसाला मी पहिलं वर्ष त्यांच्यावरच काढायला सांगतो.

आता प्रवाह. उजेड थोडा चुकला तर कोरल रंग बदलून आठवडा-दोन आठवडे सांगत राहतं, तुम्हाला सुधारायला वेळ मिळतो. प्रवाह चुकला तर हॅमरचं मांस स्वतःच्याच स्केलेटनच्या धारेवर घासून दोन दिवसांत फाटतं. आणि कोरलचं खाणं, श्वास, अंगावरचा चिकट स्राव धुऊन जाणं हे सगळं प्रवाहावरच चालतं, म्हणून मी रॉककडे बघण्याआधी पाण्याकडे बघतो.

बघायची सोपी पद्धत अशी, सगळे वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारे पंप) नेहमीसारखे चालू ठेवा, चिमूटभर फ्रोझन आर्टेमिया (माशांचं बारीक झिंग्यांचं खाणं) टाकीच्याच पाण्यात विरघळवा, ड्रॉपरने एका टोकाला सोडा आणि डोळे रॉकच्या पातळीला आणून बघत बसा. कण जिथून सरळ रेषेत सुसाट जातात ती जागा टॉर्च-हॅमरसारख्या मांसल कोरलसाठी नाही. कण जिथे गोल फिरतात, मागे येतात, परत जातात ती जागा सोन्याची, टॉर्च-हॅमर तिथेच. आणि जिथे कण खाली बसून राहतात तिथे काहीच लावू नका, आधी पंपाचं तोंड फिरवा, कारण उद्या तिथे घाण साचून कोरलचं बूड सडणार. तुमची टाकी तीन बाय दीड बाय दीड फूट धरली तर साधारण 190 लिटर होतात, रॉक आणि वाळू वजा जाता पाणी आणखी कमी, तेव्हा मिश्र रीफसाठी वेव्हमेकरची बेरीज तासाला 4000 लिटरच्या आसपास पुरते, पुढेमागे अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचं कठीण कोरल) घ्यायचे असले तर त्याच्या दीड-दोन पट. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, एक मोठा पंप एकाच दिशेने मारत असेल त्यापेक्षा दोन छोटे समोरासमोर, आळीपाळीने चालणारे कधीही बरे.

कोरल स्वतःच सांगतं. टॉर्चची बोटं सगळी एकाच बाजूला वळून ताठ झाली असतील तर प्रवाह सरळ बसतोय. हलकेच इकडून तिकडे डोलत असतील, मध्येच थांबत असतील तर छान. दिवसा अजिबात फुलत नसेल तर प्रवाह जास्त आहे किंवा कुणी त्रास देतंय, आणि एकदम लांबलचक फुगून निपचित पडलं असेल तर बहुतेक प्रवाह नाही.

ग्रांडे बेटाजवळ टर्बिनेरिया दिसतं, आपलं गढूळ पाणी असूनसुद्धा. टाकीतही ते कोरल दणकट म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचा आकार वाटीचा, आणि लोक काय करतात तर शोभेसाठी वाटी अगदी सरळ उभी लावतात, मग त्या वाटीत माशांची विष्ठा आणि वाळू साचते आणि मधलं मांस मरतं. असं वाटीचं किंवा पानाचं कोरल नेहमी थोडं तिरकं लावायचं, म्हणजे पडलेलं सगळं पंपाच्या झोताने घरंगळून जातं. माँटिपोराच्या पानांचंही तेच, शिवाय ती पानं वाढली की खालच्या सगळ्यांवर सावली धरतात, हे लावतानाच डोक्यात ठेवायला लागतं.

उजेडाचं फार ताणत नाही. पीएआर म्हणजे कोरलला उपयोगी पडणारा उजेड, त्याचे आकडे ढोबळ असे धरा: मशरूम आणि बहुतेक लेदर 50 ते 100, झोआ आणि मांसल कोरल 75 ते 150, माँटिपोरा 150 ते 250, अ‍ॅक्रोपोरा 250 च्या वर. ओळखीत कुणाकडे मीटर असला तर एका संध्याकाळपुरता मागून आणा आणि रॉकच्या प्रत्येक कट्ट्यावरचा आकडा कागदावर लिहून ठेवा, तो कागद पुढे वर्षभर कामाला येतो. मोबाइलच्या अ‍ॅपवर निळ्या एलईडीचं मोजमाप धड येत नाही. मीटर नसला तर नवीन कोरल खालीच सुरू करायचं आणि हळूहळू वर न्यायचं, उलटं कधीच नाही, कारण कमी उजेडात कोरल नुसतं तपकिरी पडतं आणि परत रंगतं, जास्त उजेडात पांढरं पडलेलं मात्र सगळ्यांचंच परत येत नाही. झोआ मान लांब करून वर बघायला लागले तर त्यांना उजेड कमी पडतोय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चिलर नसलेल्या टाकीचं पाणी सहज 30 अंशांच्या वर जातं, आणि ब्लीचिंग, म्हणजे कोरल पांढरं पडणं, गरम पाणी आणि कडक उजेड एकत्र आले की लवकर होतं, तेव्हा त्या दिवसांत नवीन काही वर चढवू नका आणि लाइट थोडी कमीच ठेवा.

आता शेजारी, आणि हा भाग नीट वाचा कारण तुमचं हॅमर इथेच गेलं. दिवसा टाकीत जे दिसतं ते अर्धंच असतं. लाइट बंद झाल्यावर दोन-तीन तासांनी मोबाइलचा उजेड लाल कागदातून टाकून बघा, टॉर्च, गॅलेक्सिया, चॅलिस या कोरलांचे बारीक पारदर्शक धागे बाहेर आलेले दिसतील, टोकाला पांढरा ठिपका असतो, ते स्वीपर. त्यात डंखाच्या पेशी भरलेल्या असतात, आणि ते पाण्याच्या झोताबरोबर लांब होत होत शेजाऱ्याला चाटून जातात. टॉर्चचे सहा इंच जाऊ शकतात, गॅलेक्सियाचे फूटभर, म्हणून तीन फुटी टाकीत गॅलेक्सिया घेऊच नका, स्वस्त मिळालं तरी. अकान, फेविया, ब्रेन या कोरलांची दुसरीच तऱ्हा, ते पोटातले धागे बाहेर काढून शेजाऱ्याला चक्क पचवतात, सकाळी उठून बघाल तर शेजाऱ्याच्या कडेला पांढरं स्केलेटन उघडं पडलेलं.

टॉर्च आणि हॅमरचं सांगायचं तर दुकानात दोन्ही युफिलिया म्हणून एकाच ट्रेमध्ये मिळतात म्हणून लोक एकत्र लावतात. 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी हॅमर आणि त्याच्या जवळचं फ्रॉगस्पॉन कोरल युफिलियातून काढून फिम्ब्रियाफिलिया या वेगळ्या वंशात टाकले, टॉर्च युफिलियातच राहिला. टाकीतला अनुभव त्याला धरूनच आहे, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन बहुतेक वेळा एकमेकांना लागून सुखाने राहतात, टॉर्च टॉर्चबरोबर राहतो, पण टॉर्च हॅमरला लागला की हॅमर हरतो. दोघांत निदान सहा इंच ठेवा, आणि हे अंतर दोघं पूर्ण फुललेले असताना मोजायचं, मिटलेले असताना नाही. शिवाय टॉर्च प्रवाहाच्या खालच्या अंगाला ठेवा म्हणजे त्याचे धागे मोकळ्या पाण्यात जातील, हॅमरवर नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वेव्हमेकर डाव्या काचेवर, टॉर्च त्याच्या पुढ्यात आणि हॅमर टॉर्चच्या मागे आहे, म्हणजे पंप रात्रभर टॉर्चचे धागे हॅमरच्या अंगावर नेऊन टाकत होता.

लेदर डंखत नाही फारसं, पण पाण्यात रसायनं सोडतं, त्याने आजूबाजूची कठीण कोरलं वाढायची थांबतात. त्यावर अंतर ठेवून उपयोग नाही, सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत, पाणी साफ करणारा कार्बन ठेवायचा आणि वेळेवर बदलायचा. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया मुख्य रॉकला कधीच लावू नका, ती चटईसारखी पसरतात आणि मग रॉकच काढावा लागतो, त्यांना मागच्या काचेवर किंवा वाळूत सुटा दगड देऊन बसवायचं. सुटा दगड म्हणजे रीफचाच रॉक हं, अंगणातला चिरा (जांभा दगड) नाही, चिरा लोहाने भरलेला असतो आणि भुसभुशीत होऊन झरतो.

मग ठेवून बघणं. फ्रॅग आणला की आधी डिप, म्हणजे किडे मारायच्या औषधी पाण्यात बुडवणं, आणि प्लगची, म्हणजे फ्रॅग ज्या छोट्या चकतीवर चिकटवून येतो तिची, खालची बाजू नीट बघा, तिथे एप्टेझिया (उपद्रवी, डंखणारे फुलासारखे जीव), नळीवाल्या गोगलगायी आणि किड्यांची अंडी लपतात. मी तर जमेल तिथे प्लग कापूनच टाकतो आणि नुसतं कोरल घेतो. डिपनंतर फ्रॅग रॅकवर किंवा वाळूवर खाली, आणि तिथून ठरलेल्या जागी नुसतं टेकवून ठेवायचं, चिकटवायचं नाही. रोज हलवू नका. आज नाही फुललं म्हणून इकडे, उद्या तिकडे, असं करणाऱ्यांची कोरलं जागा वाईट म्हणून नाही मरत, हलवून हलवून मरतात. पाच-सात दिवस एका जागी द्या, वाईट खुणा दिसल्या तरच हलवा, आणि दोन आठवडे नीट फुललं की ती जागा त्याची. या दोन आठवड्यांत ते टेकवलेलं पडू नये म्हणून रॉकच्या भोकात प्लगचं देठ बसवता आलं तर उत्तम, नाहीतर खाली प्लगच्या मापाचं भोक पाडलेला छोटा दगड ठेवा. टाकीत टक्सिडो अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) किंवा मोठी टर्बो गोगलगाय असेल तर मात्र टेकवलेलं काही राहत नाही, अर्चिन फ्रॅग डोक्यावर घेऊन फिरतो, तेव्हा दोन आठवडे रॅकच वापरा.

अजून एक, चवथीच्या आदल्या आठवड्यात नवीन काही लावू नका. आपण सगळे गावच्या घरी जाणार, फ्लॅटला कुलूप, पावसात झाड पडून लाइट गेली तर बघायला कोण नाही, आणि नुकतंच लावलेलं कोरल सुटलं किंवा सडायला लागलं तर परत येईपर्यंत आख्खं पाणी बिघडलेलं असतं. एखादा डीसी वेव्हमेकर बॅटरीवर असलाच पाहिजे, चवथ असो नसो.

आता या तुमच्या गोंदावर. फेवीक्विक म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, कोरलला त्याने विष होत नाही, जगभर रीफवाले सायनोअ‍ॅक्रिलेटच वापरतात. अडचण पातळपणाची आहे. हा गोंद ओलाव्याने कडक होतो, पाण्यात शिरला की बाहेरून लगेच दुधावर साय धरते तशी पांढरी साय धरतो, आणि तुम्ही फ्रॅग रॉकला टेकवेपर्यंत ती साय मध्ये येते, म्हणजे गोंद रॉकला लागलेलाच नसतो. वरून बघायला चिकटल्यासारखं वाटतं, तिसऱ्या दिवशी गोगलगाय अंगावरून गेली की पडलं. पातळ गोंद खडबडीत, भोकाभोकांच्या रॉकवर खड्डे भरूही शकत नाही. म्हणून जेल घ्यायचं, सायनोअ‍ॅक्रिलेट जेल, घट्ट, ट्यूब उलटी केली तरी न ओघळणारं. अ‍ॅक्वेरियमचं मिळालं तर ते, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातलं जेल, फक्त पाकिटावर सायनोअ‍ॅक्रिलेट लिहिलंय ना ते वाचा.

पण नुसतं जेलही सपाट जागेलाच पुरतं. उंच फ्रॅग, तिरका कट्टा, जड हॅमर यासाठी जेल आणि पुट्टी दोन्ही लागतात, कारण पुट्टी ओल्या दगडाला धड चिकटत नाही, ती फक्त खाचखळग्यात रुतून धरते, आणि जेल चिकटतं पण भरत नाही. दोन्ही मिळून काम होतं. प्लंबिंगची पुट्टी घरात पडलेली असते ती मी रीफमध्ये घालत नाही, अ‍ॅक्वेरियमसाठी बनवलेली दोन भागांची इपॉक्सी पुट्टी घ्या.

मी करतो कसं ते सांगतो. आधी सगळे पंप बंद, सम्पमधून पाणी वर आणणारा रिटर्नसुद्धा. रॉकवरची ठरलेली जागा जुन्या टूथब्रशने घासायची, शेवाळ आणि मऊ चोथा निघेपर्यंत, नाहीतर गोंद शेवाळाला चिकटतो आणि शेवाळ रॉकवरून निघतं. पुट्टीचा छोटा तुकडा हात ओले करून मळायचा, दोन रंग एक होईपर्यंत, रेघा राहिल्या तर कडक होत नाही. फ्रॅग पाण्याबाहेर काढायचा, बूड टिश्यूपेपरने टिपून कोरडं करायचं, त्यावर जेल, जेलवर पुट्टी दाबून बसवायची, पुट्टीच्या खालच्या अंगाला परत जेल. मग पाण्यात नेऊन जागेवर टेकवायचं आणि दाबता दाबता अर्धा वळसा द्यायचा. हा वळसा महत्त्वाचा, त्याने ती वरची साय फाटते आणि आतलं ताजं जेल रॉकला लागतं. मिनिटभर हात हलवायचा नाही, टीव्हीकडे बघायचं नाही. नंतर पंप लगेच सुरू करू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा, तेवढ्यात माशांना काही होत नाही. पुट्टी पूर्ण कडक व्हायला काही तास जातात, तोवर वेव्हमेकर कमी ठेवा. पुट्टी घातल्यावर स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बेफाम फेस काढतो, कप भरून जमिनीवर पाणी येतं, म्हणून दिवसभर तो खाली करून ठेवायचा.

कोरल हवेत किती वेळ चालतं विचारतात, चार-पाच मिनिटांनी काही बिघडत नाही, पण मांसल कोरल फुललेलं असताना कधीच बाहेर काढू नका. आत पाणी भरलेलं असतं, बाहेर काढलं की त्या वजनाने मांस स्केलेटनच्या धारेवर लोंबून फाटतं. आधी पंप बंद करा, हाताने हलकेच वारा घातल्यासारखं पाणी हलवा, ते मिटू द्या, मग स्केलेटनला धरून उचला. बबल कोरलला तर हे हमखास लागू.

पावसाळ्यात आपल्याकडे ही ट्यूब एकदा उघडली की ड्रॉवरमध्ये दगड होते, हवेतला ओलावाच पुरतो तिला. टोक पुसून, झाकण लावून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरायच्या आधी डबा बंदच ठेवून बाहेर काढून ठेवा, थंड ट्यूब लगेच उघडली तर तिच्यावर दमट हवेचं पाणी जमतं. हातात नायट्राइलचे ग्लव्ह्ज घाला, सुती नको, सायनोअ‍ॅक्रिलेट सुतावर सांडलं की एकदम गरम होऊन चटका बसतो.

सगळंच चिकटवायचं नसतं. ट्रॅकीफिलिया, स्कोली, फंजिया ही वाळूवरची मंडळी, त्यांना वाळूवर मोकळं ठेवा, फंजिया तर हळूहळू सरकतंसुद्धा, त्याच्याभोवती जागा सोडा. लेदरच्या बुडावर गोंद टिकत नाही, ते चिकट स्राव सोडून गोंद ढकलून देतं, त्याच्या देठातून लाकडी टूथपिक आडवी घालायची आणि टूथपिकच्या दोन्ही टोकांना रबरबँड लावून दगडाला बांधायचं, आठवड्या-दोन आठवड्यांत ते स्वतः धरतं, मग रबर कापून काढा.

आणि तुमचं मशरूम. मशरूमला गोंद लागतच नाही हो, कितीही लावा, ते रात्रीत अंग सोडवून घेतं आणि प्रवाहाबरोबर निघून जातं. एका छोट्या प्लास्टिकच्या डब्याला खाली भोकं पाडा, आत रॉकचे बारीक खडे घाला, मशरूम खड्यांवर ठेवा आणि वर जाळीचं कापड रबरबँडने बांधा. डबा कमी प्रवाहात, कमी उजेडात. दहा-पंधरा दिवसांत ते एखाद्या खड्याला घट्ट धरतं, मग तो खडा चिकटवायचा, मशरूम नाही. जाळी म्हणून घरातल्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापणार असाल तर जपून, सरकारी दवाखान्यातून मिळतात त्या मच्छरदाण्यांच्या धाग्यातच कीटकनाशक असतं, झिंगे-खेकडे त्याने पटापट मरतात. ओढणीच्या नेटचं नवीन कापड धुऊन घ्या, ते बरं. हरवलेलं मशरूम शोधायचं तर रॉकच्या मागे, ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरतं तिथल्या) जाळीत आणि सम्पमध्ये बघा, बहुतेक जिवंतच सापडेल.

झोआ चिकटवणं सोपं, थोडं जेल पुरतं, पण त्यांच्या बाबतीत हसण्यावारी नेऊ नका. झोआ-पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, 1971 मध्ये हवाईच्या पॅलिथोआमधून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलेलं, अत्यंत जहाल विष. कापताना पिचकारी डोळ्यात उडते, म्हणून चष्मा आणि ग्लव्ह्ज घालूनच, हाताला जखम असेल तर तो दिवस सोडा. झोआ लागलेला रॉक उकळायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, बाहेर ब्रशने घासायचा नाही, त्याच्या वाफेने आणि तुषारांनी घरातली सगळी माणसं दवाखान्यात गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. स्वयंपाकघरातली सुरी आणि सिंक या कामाला वापरू नका, आणि मुलांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा.

राहिलं हॅमर. ते फांद्यांचं असेल, म्हणजे प्रत्येक डोक्याचा देठ वेगळा, तर वाचण्यासारखं आहे, भिंतीसारखं सलग असेल तर अवघड. आज रात्री पंप बंद करून विरघळलेल्या डोक्यावरचा तपकिरी चिकट भाग सायफनने ओढून घ्या, तो बाकीच्यांवर पडू देऊ नका. मग बाहेर काढून ते मेलेलं डोकं बोन कटरने देठावर, जिवंत मांसापासून जितकं लांब जमेल तितकं, कापा, उरलेलं आयोडिनच्या डिपमध्ये बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ, आणि टाकीच्याच पाण्यात धुऊन घ्या. कापलेल्या टोकावर जेलचा पातळ थर फासा म्हणजे उघड्या स्केलेटनवर शेवाळ बसत नाही. परत ठेवताना उजव्या काचेकडे, वाळूवर, टॉर्च डावीकडे आहे तिथेच राहू दे, मध्ये सहा इंचांहून बरंच जास्त अंतर पडतं म्हणून एवढं चालतं. दोन आठवड्यांत उरलेली डोकी पूर्वीएवढी फुलली आणि कडेला नवीन पांढरं काही दिसलं नाही, तर तिथल्याच खालच्या कट्ट्यावर पुट्टी-जेल करून बसवा.